जेफ बेकचा ‘ट्रुथ’ : पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

ब्लूज-रॉक ऐकायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की ठरलेली नावं येतात. हेंड्रिक्स, क्लॅप्टन, लेड झेपलिन. तिघंही थोर आहेत, पण मी इंग्रज गिटारवादक जेफ बेकचा १९६८ सालचा ‘ट्रुथ’ हा अल्बम सुचवतो. दहा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. शिकागोचा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णी लोकांचं गाणं, लंडनच्या पोरांच्या हाती लागल्यावर त्याचं जड, मोठ्या आवाजाचं रॉक कसं झालं, हे या अल्बममध्ये उघड दिसतं. शिवणीचे टाकेसुद्धा लपवलेले नाहीत.

मात्र बहुतेक नवे श्रोते तो चुकीच्या अपेक्षेनं लावतात. बेक म्हणजे गिटारचा जादूगार, मग ‘सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) कधी येतो’ याची वाट बघत बसतात. या अल्बममध्ये खरी गंमत सोलोत कमी आणि गायकाची ओळ संपून दुसरी सुरू होण्याआधीच्या फटीत जास्त आहे. तिकडे कान लागला की बाकीचं आपोआप उलगडतं. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत, म्हणून क्रम अल्बमचा नाही.

आधी थोडी तयारी

आज ऑनलाइन जी आवृत्ती सहज सापडते, तिच्यात मूळ दहा गाण्यांमागे आणखी आठ जोडलेली आहेत. पहिल्या टेक (ध्वनिमुद्रणाचे पहिले प्रयत्न), सुटे सिंगल (एकेका गाण्याच्या रेकॉर्डी), असा माल. ‘आय एन्ट सुपरस्टिशस’ हे दहावं गाणं संपलं की थांबा. त्यानंतर ‘हाय हो सिल्व्हर लायनिंग’सारखं हलकंफुलकं पॉप गाणं कानावर पडलं तर अल्बमचा सगळा ठसा पुसला जातो. ते गाणं बेकनं स्वतः गायलं होतं, १९६७ मध्ये ते इंग्लंडात खूप वाजलं, आणि पुढे आयुष्यभर तो त्याच्यावर वैतागलेला असे.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून बेस गिटार जवळपास गायब होते, आणि इथे बेस वाजवणारा माणूस मुळात गिटारवाला असल्यामुळे तो गप्प बसून नुसता ठेका धरत नाही. साधे इअरफोन चालतील, दोन स्पीकर असतील तर उत्तम. आवाज किती ठेवायचा? बेकनं अल्बमच्या वेष्टणावर प्रत्येक गाण्याबद्दल स्वतः मिश्कील टिपा लिहिल्या होत्या. पहिल्या गाण्याची टीप अशी की हे पूर्ण आवाजातच लावावं, आणि पाद्रीबाबा चहाला येणार असतील तर पार्श्वसंगीत म्हणून फार शोभेल. शेजाऱ्यांशी असलेले संबंध बघून काय ते ठरवा.

पायरी १ : माणसं ओळखून घ्या

जेफ बेक इंग्लंडच्या सरे परगण्यातला, जन्म १९४४. १९६५ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टननं ‘यार्डबर्ड्स’ हा बँड सोडला तेव्हा त्याच्या जागी हा आला. तिथून बाहेर पडल्यावर त्यानं स्वतःचा संच बांधला. गायक रॉड स्टुअर्ट, तेव्हा अमेरिकेत त्याला कुणी ओळखतही नव्हतं. बेसवर रॉनी वुड, जो पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेला. ड्रमवर मिकी वॉलर. काही गाण्यांत पियानोवर निकी हॉपकिन्स, आणि ऑर्गनवर जॉन पॉल जोन्स, म्हणजे पुढचा लेड झेपलिनचा बेसवाला.

ध्वनिमुद्रण मुख्यतः मे १९६८ मध्ये लंडनमध्ये, मोजक्या दिवसांत उरकलं. निर्माता म्हणून नाव मिकी मोस्टचं आहे, जो पॉप सिंगल गाजवण्यात वाकबगार होता. अल्बम त्याच उन्हाळ्यात आधी अमेरिकेत आला आणि बिलबोर्डच्या खपाच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत चढला.

एवढं पुरे. चरित्रं नंतर वाचा.

पायरी २ : शेवटचं गाणं आधी लावा

‘आय एन्ट सुपरस्टिशस’. लिहिलं विली डिक्सननं, १९६१ मध्ये गायलं शिकागोच्या हाउलिन वुल्फनं. विषय आपल्या अगदी ओळखीचा आहे : काळं मांजर आडवं गेलं, उजवा तळहात खाजला म्हणजे पैसा येणार, डावा डोळा लवला म्हणजे कुणाचं तरी काही खरं नाही. मिसिसिपीच्या बाजूचे शकुन-अपशकुन आणि आपल्या आजीचे, यांत फारसं अंतर नाही.

या गाण्याची घडण अशी आहे की रॉड एक ओळ म्हणतो आणि सगळं वाद्यवृंद एकदम थांबतो. त्या मोकळ्या जागेत बेकची गिटार उत्तर देते. फडातले सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त इथे जवाब देणाऱ्याकडे शब्द नाहीत. त्याच्याकडे पायाखाली एक वाह-वाह पेडल आहे. पाय पुढे दाबला की स्वर उघडा आणि टोकदार होतो, टाचेवर दाबला की घुमा आणि मिटलेला. ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत तोंड उघडावं तसा. म्हणून ती गिटार बोलल्यासारखी वाटते. मांजराचा उल्लेख झाला की ती गुरगुरते, मग कण्हते, मग मध्येच खिदळल्यासारखं करते.

पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा एकच काम करा : प्रत्येक थांब्यावर गिटारनं नवं काय केलं ते पकडा. तो तेच उत्तर पुन्हा देत नाही. कधी एकच स्वर ताणून ठेवतो, कधी पाच-सहा स्वरांची झुंबड उडवतो, कधी थोडा उशिरा बोलतो, इतका की वाटतं चुकला. हा उशीर मुद्दाम केलेला आहे. या गाण्याबद्दल बेकची स्वतःची टीप अशी होती की हे म्हणजे गिटारवर शायनिंग मारायला शोधलेलं निमित्त आहे. खरंच आहे, पण निमित्त कसं वापरावं हेही शिकण्यासारखं आहे.

तिसऱ्यांदा मूळ हाउलिन वुल्फ ऐका. तिथे आवाजच एवढा भारी आहे की गिटारला मागे राहावं लागतं. बेकनं तोल उलटा केला. माझ्या मते ब्लूजमधून रॉककडे जाताना नेमकं काय बदललं, याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही.

पायरी ३ : बारा बार बोटांवर मोजा

ब्लूजच्या चालीचा सांगाडा कळला नाही तर सगळी गाणी सारखी वाटतात. हा सांगाडा बारा बारचा असतो. इथे एक गोंधळ नेहमी होतो : बारा बार म्हणजे बारा मात्रा नव्हेत. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणून पूर्ण आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं.

‘रॉक माय प्लिमसोल’ लावा. मध्यम लय आहे, मोजायला सोपी. ही चाल बी. बी. किंगच्या ‘रॉक मी बेबी’वरून सरळ उचललेली आहे, पण श्रेयनामावलीत ‘जेफ्री रॉड’ असं नाव दिसतं. बेक आणि स्टुअर्ट या दोघांचं मिळून केलेलं टोपणनाव. त्या काळी इंग्लंडात हे सर्रास चालायचं आणि मूळ कृष्णवर्णी कलाकारांचे त्यात पैसे बुडायचे. अल्बम आवडूनही ही गोष्ट मला खटकते, आणि ऐकणाऱ्याला ती माहीत असावी.

आता मोजणी. पायानं मात्रा धरा : एक-दोन-तीन-चार. दर चार मात्रांना अंगठा एका पेरावर न्या. चार बोटांची तीन-तीन पेरं, एकूण बारा, म्हणजे एका हातात एक आवर्तन. फक्त नेहमीसारखं एका बोटावर खाली उतरू नका, आडवे जा. आधी चारही बोटांची टोकं, मग मधली पेरं, मग खालची.

असं केलं की तीन ओळी हातावर मांडून मिळतात. टोकांच्या रांगेत गायक पहिली ओळ म्हणतो. मधल्या रांगेत बहुधा तीच ओळ पुन्हा येते. खालच्या रांगेत तिचं उत्तर. आणि प्रत्येक ओळ साधारण दोन पेरांत संपते, उरलेली दोन पेरं मोकळी असतात. बेक राहतो तो तिथे.

पेटीवर थोडा हात चालत असेल तर आणखी एक गोष्ट करून बघा. गाण्याचा मूळ स्वर सा धरा. पहिल्या रांगेत सगळं सा वर उभं असतं. मधल्या रांगेची पहिली दोन पेरं म वर, पुढची दोन परत सा वर. खालच्या रांगेत प, म, आणि मग घरी सा. शेवटच्या पेरावर पुष्कळदा प चा एक धक्का येतो, पुढचं आवर्तन सुरू होतंय हे सांगायला. इथे सा-म-प म्हणजे एकटा स्वर नाही, त्या त्या स्वरावर बांधलेली पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) आहे, पण कान जागेवर यायला एवढं बास.

दोन-तीन आवर्तनं चुकतील. अंगठा तिसऱ्या रांगेत आणि गाणं पुढच्या ओळीत, असं होईल. सोडून द्या, पुढची पहिली ओळ पकडून पुन्हा टोकापासून सुरू करा.

हे जमलं की ‘ब्लूज डिलक्स’कडे जा. तोच सांगाडा, फार संथ, साडेसात मिनिटं. मागे प्रेक्षकांच्या टाळ्या-आरोळ्या ऐकू येतात, त्यानं फसू नका. गाणं स्टुडिओतलं आहे, गर्दी नंतर चिकटवली आहे. मला ती गर्दी नको वाटते, पण निकी हॉपकिन्सच्या पियानोसाठी मी ते सहन करतो. तब्येतीनं नाजूक असलेला हा माणूस त्या काळात लंडनच्या निम्म्या चांगल्या रेकॉर्डांवर सापडतो. या गाण्यात रॉडचं लक्ष गिटारकडे आणि गिटारचं रॉडकडे असताना मधली सगळी जमीन तो एकटा राखतो.

पायरी ४ : बोलेरो, सावकाश

‘बेक्स बोलेरो’ला शब्द नाहीत, तीन मिनिटांहून कमी आहे आणि ते या अल्बमसाठी केलेलंच नव्हतं. मे १९६६ मध्ये लंडनच्या आयबीसी स्टुडिओत ते मुद्रित झालं, पुढच्या वर्षी ‘हाय हो सिल्व्हर लायनिंग’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं, आणि मग इथे. त्या दिवशी खोलीत जमलेली मंडळी बघा : बेक, बारा तारांच्या गिटारवर जिमी पेज (लेड झेपलिनचा पुढचा गिटारवाला), बेसवर जॉन पॉल जोन्स, पियानोवर हॉपकिन्स, आणि ड्रमवर ‘द हू’चा कीथ मून. मून दुसऱ्या बँडचा, त्यामुळे तो गुपचूप आला होता. हाच संच पुढे नेऊन बँड करावा अशी चर्चा तेव्हा झाली, आणि ‘लेड झेपलिन’ (शिशाचं हवाई जहाज, म्हणजे आपटणारच) या नावाचा विनोद त्याच सुमाराला निघाला असं सांगतात. धून नक्की कुणाची यावरून बेक आणि पेज यांचं कधी एकमत झालं नाही. अधिकृत नाव पेजचं आहे.

ऐकताना तीन टप्पे ओळखा. सुरुवातीला पेजच्या गिटारवर तो बोलेरोचा, म्हणजे एका स्पॅनिश नाचाचा ठेका, फ्रेंच संगीतकार रावेलच्या प्रसिद्ध रचनेवरून घेतलेला, आणि वर बेकची एक लांब, सरळ सुरावट. मग तीच गोष्ट स्लाइडवर, म्हणजे तारेवर नळी घसरवून, त्यामुळे स्वर मींडेनं सरकतात. आणि मग अर्ध्यावर मून एक आरोळी ठोकतो आणि सगळं फुटतं.

त्या आरोळीनंतर कान ड्रमवर ठेवा. मूननं आवेशात काठी मायक्रोफोनवरच हाणली, मायक्रोफोन गेला, आणि तिथून पुढे ढोलाचा आवाज जवळजवळ येत नाही, फक्त सिंबलचा खणखणाट. एकदा लक्षात आलं की दर वेळी ऐकू येतं. आजच्या स्टुडिओत कुणी अशी टेक ठेवणार नाही. त्यांनी ठेवली, आणि म्हणून ती जिवंत आहे.

पायरी ५ : जोड्या लावून ऐका

‘यू शुक मी’ची गोष्ट आधी. शिकागोत अर्ल हूकरनं स्लाइड गिटारवर एक शब्दांवाचूनची धून वाजवली होती. १९६२ मध्ये त्याच ध्वनिमुद्रणावर ब्लूज गायक मडी वॉटर्सचा आवाज चढवून हे गाणं तयार केलं, म्हणून मूळ गाण्यात गळा गिटारच्या मागोमाग चालतो. बेकचं गाणं अडीच मिनिटांचं आहे. मागे जोन्सचा ऑर्गन, आणि शेवटी एक असा भीषण आवाज की बेकनंच टिपेत लिहिलं, माझी गिटार ओकते आहे, तिची आतडी एवढा वेळ बडवल्यावर दुसरं काय होणार.

जानेवारी १९६९ मध्ये आलेल्या लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर हेच गाणं साडेसहा मिनिटांचं आहे आणि जोन्स तिथेही आहेच. बेकला याचा फार राग आला होता. कुणी कुणाचं चोरलं यावर चाहते आजही भांडतात. त्यात पडू नका, दोघांनीही मडी वॉटर्सकडूनच घेतलं आहे. तिन्ही लागोपाठ ऐका आणि प्रत्येकात गळा आणि गिटार यांच्यात किती अंतर आहे तेवढं बघा. मडीकडे अंतरच नाही. झेपलिनमध्ये पेज आणि गायक प्लँट शेवटी एकमेकांची नक्कल करत वर चढतात. बेक रॉडला मध्ये टोकत राहतो.

दुसरी जोडी ‘लेट मी लव्ह यू’ची. श्रेय पुन्हा ‘जेफ्री रॉड’ला, आणि मागे उभं आहे ब्लूज गिटारवादक बडी गायचं ‘लेट मी लव्ह यू बेबी’. मुंबईकरांनी बडी गायचं नाव ऐकलं असेलच. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो आला होता. बेकच्या गाण्यात रॉनी वुडच्या बेसकडे लक्ष द्या, तो खालून जवळजवळ दुसरी गिटार वाजवतो आहे.

पायरी ६ : आता पहिल्यापासून शेवटपर्यंत

‘शेप्स ऑफ थिंग्ज’ हे यार्डबर्ड्सचं १९६६ चं गाजलेलं गाणं. तेव्हाही गिटार बेकचीच होती. इथे लय ओढून जड केली आहे. दोन्ही पाठोपाठ लावलीत तर दोन वर्षांत काय झालं ते कळतं.

‘मॉर्निंग ड्यू’ कॅनडाच्या बॉनी डॉब्सनचं. सुरुवातीला बॅगपाइप. पहाटेच्या दवात फिरायला नेण्याची गोड विनवणी वाटते, पण गाणं अणुयुद्धानंतर उरलेल्या माणसांचं आहे. हे कळल्यावर रॉडच्या खरखरीत गळ्याचा अर्थच बदलतो.

‘ओल्ड मॅन रिव्हर’वर लोक नाक मुरडतात : १९२७ च्या ब्रॉडवेच्या संगीतिकेतलं गाणं, ब्लूज अल्बममध्ये कशाला? मला ते इथे हवंच वाटतं. पॉल रोबसननं अजरामर केलेलं हे गाणं मिसिसिपीकाठच्या काळ्या हमालाचं आहे, सगळं बघूनही गप्प वाहणाऱ्या नदीला उद्देशून. भूपेन हजारिकांचं ‘गंगा बहती हो क्यों’ याच गाण्याच्या प्रेरणेतून आलेलं, त्यामुळे आपल्याला वाट ओळखीची. टिंपनी नगारे वाजवणाऱ्याच्या जागी ‘यू नो हू’ एवढंच छापलं आहे. तो कीथ मूनच.

‘ग्रीनस्लीव्हज’ हे जुनं इंग्रजी गीत, दोन मिनिटांहून कमी, एकट्या साध्या गिटारवर. छान आहे, पण घाईत असाल तर सोडा.

पायरी ७ : पुढे काय

हा संच टिकला नाही. १९६९ मध्ये ‘बेक-ओला’ हा दुसरा अल्बम काढला, आणि वुडस्टॉकच्या मोठ्या संगीत महोत्सवात वाजवायचं ठरलेलं असताना त्याच्या तोंडावर मंडळी फुटली. रॉड आणि रॉनी ‘फेसेस’ या बँडमध्ये गेले. ‘बेक-ओला’ ऐका, पण तो ‘ट्रुथ’इतका वळणदार नाही.

त्याआधी मागे जा. जॉन मेयॉलचा क्लॅप्टनबरोबरचा ‘ब्लूज ब्रेकर्स’ (१९६६) आणि हेंड्रिक्सचा ‘आर यू एक्सपिरिअन्स्ड’ (१९६७), या क्रमानं. म्हणजे बेकला कुणाशी टक्कर द्यायची होती ते समजतं. मग सरळ १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’वर या. त्यात गायकच नाही, गळ्याचं कामसुद्धा गिटारनं घेतलं आहे. ‘ट्रुथ’मधल्या फटी ऐकून तयार झालेल्या कानाला तो अवघड जात नाही.

आणि २००१ च्या ‘यू हॅड इट कमिंग’मधलं ‘नादिया’ चुकवू नका. रचना ब्रिटिश-भारतीय संगीतकार नितीन साहनीची, मूळ ध्वनिमुद्रणात आवाज स्वाती नाटेकरांचा. बेकनं त्यांच्या हरकती गिटारवर उतरवल्या. तोवर त्यानं पिक (तारा छेडायची चपटी पट्टी) सोडून दिलं होतं, नुसत्या बोटांनी वाजवायचा आणि गिटारला लावलेल्या, तारा सैल-घट्ट करणाऱ्या दांडीनं स्वर हलवायचा. आधी नाटेकरांचं गाणं दोनदा ऐका, मग बेकचं लावा.